गळ्यात घातलेली पेन्शन

सोन्यात पैसे घाला, सोनं कधी बुडत नाही, असं कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं. टीव्हीवर ती नटी दागिने घालून हसत हसत तेच सांगते, तेव्हा मी उठून टीव्ही बंद करते. सोनं बुडत नाही हे मला कुणी शिकवायला नको. आमचंही बुडालं नाही. अजून जसंच्या तसं आहे, बीडच्या अलीकडं पालीला, एका चांगल्या घरात. आमचे मालक तेवढे राहिले नाहीत.

मालक सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटवून ज्या मोठ्या भांड्यात साखरेचा दाणा धरतात त्याला पॅन म्हणतात, आणि दाणा धरला का नाही ते बघणारा तो पॅनमन. मालक पाक दोन बोटांत धरून उजेडाला नेऊन बघायचे. सगळी उमर त्या आचेत गेली आणि एक स्वभाव पक्का झाला. डोळ्यांना दिसतं आणि बोटांना लागतं तेवढंच खरं, बाकी सगळं बोलणं. माझीही गणती त्या बोलण्यातच व्हायची, कारण मी तोंडाची फाटकी, सकाळी सुरू झाले की दिवेलागणीपर्यंत थांबायची नाही.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्याचं रडगाणं इथं गात नाही, ते रडून झालंय. पण घर रिकामं नव्हतं. नणंदेची लेक पाचवीला आमच्याकडं आली ती दहावी होईस्तोवर कारखान्याच्या क्वार्टरमध्येच राहिली, कारण नणंदेच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. तिची वेणी मी घालायचे, सायकल तिच्या मामानं शिकवली. रातपाळी करून आलेला माणूस झोपायचं सोडून माळावर सायकलमागं पळायचा. मी दारातून ओरडायचे, पोर ढोपरं फोडून घेईल, उद्या सासरी काय लंगडत जाणार का म्हणून. दोघांपैकी एकजणही वळून बघायचं नाही.

मग ती कोरडी सालं आली. पहिल्या वर्षी ऊस कमी आला, पुढच्या वर्षी आलाच नाही. आमच्याकडची माणसं बायकापोरं घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडं गेली आणि आमच्या कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. पगार थकले. वय झालेल्यांना घरी बसवलं, त्यात आमचे मालक. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. लई हेलपाटे घातल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आली. जमीन सासऱ्यांच्या हयातीतच तलावात गेली होती, त्यामुळं तो फंड हीच आमची शेती आणि तोच आमचा ल्योक. क्वार्टर सोडलं आणि घाटनांदूरला पत्र्याच्या दोन खोल्या बांधून राहिलो.

नणंदेचे यजमान, मालक त्यांना दाजी म्हणायचे, ते गावचे पुढारी. पांढरे कडक कपडे, कुणाचं बारसं असो का कुणाची मयत, सगळ्यांत पुढं. ते एका पतसंस्थेचे संचालक होते. फंड आला त्याच आठवड्यात पेढे घेऊन आमच्या दारात हजर. बँकेपेक्षा व्याज जास्त, संस्था घरची, अध्यक्ष आपल्यातलाच, मग काळजी कशाची, असं सगळं त्यांनी चहा गार होईपर्यंत सांगितलं. मी आतून भांडी जरा जोरात आपटली. मालकांनी दाजींकडं न बघता बहिणीकडं बघितलं आणि पैसे तिथं ठेवले.

वर्ष झालं नसेल, मालक कशाला तरी बीडला गेले आणि परत आले ते जेवलेच नाहीत. तिथं दुसऱ्याच कुठल्या पतसंस्थेचं शटर खाली ओढलेलं त्यांनी बघितलं होतं. बाहेर पायऱ्यांवर माणसं बसलेली. एक म्हातारे मास्तर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवपावती धरून, येणाऱ्याजाणाऱ्याला ती वाचून दाखवत होते, जणू वाचून दाखवली की शटर उघडेल. मालक त्यांच्याजवळ बराच वेळ उभे राहिले. घरी येऊन त्यांनी आमची पावती काढली, बोटांनी चोळून बघितली आणि म्हणाले, "कागद हाय गं नुसता."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दाजींच्या दारात. मुदत पूर्ण झाल्याशिवाय पैसे देता येत नाहीत, असं दाजी म्हणत. मालक ओट्यावर बसायचे, संध्याकाळी उठून यायचे. नणंद चिडली. भावानं आपल्या नवऱ्यावर अविश्वास दाखवला म्हणून तिनं दोन दिवस चूल पेटवली नाही असं ऐकलं. शेवटी दाजींनी बोर्डात भांडून सही मिळवली आणि आमचे पैसे, व्याज कापून का होईना, सुटले. लोक हसले. दोनचार महिन्यांत त्या संस्थेचंही शटर पडलं. जे हसले होते ते आता आमच्या घरी येऊन मालकांना शहाणा माणूस म्हणू लागले. खुद्द दाजींचे, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे तिथंच बुडाले.

आता हे पैसे ठेवायचे कुठं? मी म्हणाले पोस्टात टाका. पोस्टसुद्धा कागदच देतं, म्हणाले. मी म्हणाले, अवो, पोस्ट सरकारचं हाय. तर म्हणे कारखान्यालाही सरकारची हमी होती. ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, हातात धरता येईल असंच काहीतरी घ्यायचं. तसं सोन्याशिवाय काय असणार?

घाटनांदूरहून गाडीत बसून परळीला गेलो. परळीत उतरलं की दात वीजकेंद्राच्या राखेनं कचकचतात, तिथं राहणाऱ्यांना ते कळतही नाही. सराफानं बिस्किटं दाखवली. मालकांना ती आवडली नाहीत. बिस्कीट एकदम मोडावं लागतं, आणि एकदम आलेला पैसा एकदमच जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पुतळ्यांची माळ करायला सांगितली. पुतळी म्हणजे चोख सोन्याचा पातळ गोल, रुपयासारखा, वर लक्ष्मीचा ठसा. अशा पुतळ्या पाटवेकरी रेशमाच्या दोऱ्यात गुंफून देतो. पाहिजे तेव्हा गाठ सोडायची, एक पुतळी काढायची, परत गाठ मारायची. दर वर्षी एक मोडून खायची असा त्यांचा बेत. माळ आखूड होत जाईल आणि आपणही, म्हणाले. सराफ हसला, मला हसू आलं नाही.

दुकानातच त्यांनी ती माझ्या गळ्यात घालायला लावली. लग्न झाल्यापासून माझ्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत आणि दोन वाट्या, ह्यापलीकडं काही चढलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी पदर गळ्याशी गच्च धरून बसले होते. मालक खिडकीबाहेर बघत, इतक्या हळू की मलाच ऐकू यावं, म्हणाले, "ही बघ, तुझ्या गळ्यात आपली पेन्शन."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं असलं काही माझ्याशी बोललेलं मला आठवत नव्हतं.

पहिलं वर्ष त्यांच्या बेताप्रमाणं पार पडलं. माळेतली एक पुतळी काढली, तिच्यावर ज्वारी भरली, पाण्याचे टँकर घेतले, त्यांच्या दम्याच्या म्हणून चालू असलेल्या गोळ्या आणल्या. दमा नव्हता तो, पण ते पुढं कळलं. गल्लीत लोक पतसंस्थेच्या नावानं बोटं मोडत होते आणि आमच्या घरात दोन वेळेला भाकरी होती. मालक ताठ मानेनं पारावर जाऊन बसायचे.

आणि मग भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं गणपतीत थोरली आणि धाकटी अशा दोन उभ्या करतात, पितळी मुखवटे, आत धान्याचे डबे, वर नवी साडी. घरात असेल नसेल तो सगळा दागिना त्या तीन दिवसांत त्यांच्या अंगावर चढवायचा असतो. झाकून ठेवला तर लक्ष्मी रुसते, अशी आमच्याकडची समजूत. इतकी वर्षं मी त्यांना बांगड्यावाल्याकडचे खोट्या मोत्याचे सर घालत होते आणि महालक्ष्मी कधी रुसली नव्हती. मी म्हणाले, माळ डब्यातच राहू द्या. मालक म्हणाले, लोकांचं बुडालं आणि आपलं राहिलं ते तिच्याच कृपेनं, तिच्यापासून काय लपवायचं? त्यांनी स्वतः थोरलीच्या गळ्यात ती नीट बसवली, लांब जाऊन बघितली, परत येऊन सरळ केली.

हळदीकुंकवाला अख्खी गल्ली आली. कोरड्या सालात बघायला दुसरं काय होतं? बायका मुखवट्याकडं बघायच्या आणि नजर खाली गळ्यावर उतरायची. नणंद माहेरवाशीण म्हणून तीन दिवस आमच्याकडंच होती. दुसऱ्या दिवशी पुरण वाटताना तिनं विषय काढला. लेकीचं पालीला जमलं होतं, चांगलं घर, मुलगा दूध डेअरीत नोकरीला, दिवाळीनंतर तारीख. पण हातात छदाम नाही, सगळं संस्थेत अडकलेलं. लग्नाच्या दिवशी पोरीच्या गळ्यात तेवढी माळ घालायला द्या, पाचपरतावणाला परत, एवढंच तिचं म्हणणं.

पाचपरतावण म्हणजे लग्नानंतर पाचव्या दिवशी मुलगी माहेरी येते तो दिवस. तोवर मांडवातले उसने दागिने तिच्या अंगावर राहतात आणि त्या दिवशी उतरवून ज्याचे त्याला जातात. आमच्याकडं ही रीतच आहे, ह्यात कुणी चोरी समजत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात मी मावशीची एकदाणी घातली होती आणि पाचव्या दिवशी तिच्या हातात परत दिली होती. पैसे मागितले तर माणूस उसने म्हणतो, विचार करतो, नाही म्हणतो. दागिना नुसता घालायला मागतात, त्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? बँकेतली ठेव कुणी मांडवात घालायला मागितली असती का? फंडाचं आम्ही सोनं केलं तेव्हा हे डोक्यात आलंच नाही.

शिवाय नणंदेनं वर मीठ टाकलं, की तुमचे पैसे माझ्या नवऱ्याच्या सहीमुळं सुटले, आमचे बुडाले. हे खोटं नव्हतं. मालकांनी मला विचारलंसुद्धा नाही. पण विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? ती पोर माझ्या हाताखाली वाढलेली. महालक्ष्म्या उठल्या आणि माळ थोरलीच्या गळ्यातून सरळ नणंदेच्या पिशवीत गेली.

लग्नात पोर फार गोड दिसली. मामानं अंतरपाटाशी उभं राहून डोळे पुसले, मी बघितलं. पाचव्या दिवशी आम्ही नणंदेकडं हजर होतो. पोर आली, गळ्यात माळ, पण सोबतीला चुलतसासू. तिच्यासमोर गळ्यातून दागिना कसा उतरवायचा? नणंदेनं डोळ्यांनी खूण केली, आता नको. मग संक्रांतीला ठरलं. संक्रांतीला जावई सोबत आला. आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पोरीला पाठवलंच नाही. मी नणंदेला चारचौघींत विचारलं, तेव्हा तिनं पदर डोळ्याला लावला आणि मला जे म्हणाली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "वैनी, तुमाला तरी मागं कोण हाय? तुमचं सगळं शेवटी तिचंच न्हाई का?"

मी तोंडाची फाटकी, पण त्या दिवशी पिशवी उचलून घरी आले. शेवटी म्हणजे कधी, हे तिला विचारायला पाहिजे होतं.

त्याच उन्हाळ्यात मालकांचा दम वाढला. स्टेशनपासून घरापर्यंत येताना मध्ये दोनदा बसायला लागायचं. आंबाजोगाईला दाखवलं, त्यांनी लातूरला पाठवलं. लातूरच्या डॉक्टरनं दमा नाही म्हणून सांगितलं, हृदयाकडं जाणाऱ्या नळ्या तुंबल्या आहेत, ऑपरेशन करावं लागेल, आणि ते पावसाळ्यापर्यंत लांबवू नका. आता रेशनकार्डावर होतं म्हणतात, तेव्हा तसलं काही नव्हतं. ज्याच्याजवळ होतं तो वाचायचा. आमच्याजवळ होतं. मोजून बघितलं तर तेवढं भागत होतं, वर लातूरला राहण्याखाण्याचंही. फक्त ते आमच्या घरात नव्हतं.

मी त्याच दिवशी म्हणाले, पालीला जाते. मालक नको म्हणाले. सोयऱ्यांसमोर बहीण तोंडघशी पडेल, पोरीचं नाव खराब होईल. मी चिडले. माणूस मोठा का माळ मोठी, विचारलं. तुम्ही गेल्यावर माझ्या गळ्यात काय राहणार ते सांगा, असंही बोलले, बोलू नये ते बोलले. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आठवडाभर आमचं हेच. मी बोलायची, ते नको म्हणायचे, आणि रात्रभर मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. शेवटी एका सकाळी मी पिशवी उचलली आणि जातेच म्हणाले. त्या दिवशी ते नको म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, ऊन लई हाय, डोक्यावर पदर घे.

आंबाजोगाईहून बीडच्या गाडीत बसले, केज, मांजरसुंबा करत दुपारच्या आत पालीला उतरले. बिंदुसरेच्या धरणात पाणी नव्हतं. चिखल वाळून भेगाळला होता आणि त्यात गुरं चरत होती, काय चरत होती देव जाणे. सगळा रस्ताभर मी काय बोलायचं ते घोकत आले होते. विहीणबाई, ती माळ आमची, आमच्या माणसाच्या जिवावर बेतलंय, तेवढी द्या. हात जोडायची तयारी होती आणि भांडायचीही.

पण घर खरंच चांगलं निघालं, आणि तिथंच माझं चुकलं. विहीणबाईंनी पायावर पाणी दिलं. टँकरच्या पाण्याचे दिवस, तरी पूर्ण तांब्या दिला. कुंकू लावलं, चहा केला, सून तुमच्याच हातची म्हणून कामाला चोख आहे, असं माझंच कौतुक केलं. पोर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाच महिन्यांची पोटुशी, चेहरा भरलेला, गळ्यात माळ. मला बघून तिचा रंग उडाला, हे फक्त मला दिसलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात विहीणबाईच बोलल्या. त्यांच्या थोरल्या सुनेच्या बापानं बैठकीत कबूल केलेलं घातलं नव्हतं, म्हणून घरातल्या पुरुषांनी तिला माहेरी नेऊन घातलं, दोन वर्षं झाली, अजून तिथंच आहे. मला ते पटलं न्हाई, पण आमचं बाईमाणसाचं कोण ऐकतं, म्हणाल्या. आणि मग पोरीकडं बघून म्हणाल्या, "हिच्या बापाचं तसं न्हाई. बैठकीत माळ कबूल केली आन मांडवात घातली. शब्दाचा माणूस."

तेव्हा मला कळलं. दाजींनी ती माळ घालायला नेलीच नव्हती. महालक्ष्म्या बसायच्या आधीच का नंतर, कोण जाणे, पण बैठकीत ती देऊन मोकळे झाले होते. नणंदेला माहीत होतं का? मी ते तिला कधी विचारलं नाही. विचारून काय करू, उत्तर कुठलंही आलं तरी मला तिच्या दारात जाणं भाग आहे, ती मालकांची बहीण.

मी चहा प्यायले. सहज आले होते, म्हणाले, बीडला काम होतं, पोरीला बघावं वाटलं. मालक कसे आहेत, विचारलं. बरे आहेत म्हणाले.

पोर मला गाडीपर्यंत सोडायला आली. रस्त्याला लागल्यावर लिंबाच्या झाडाखाली थांबली, मागंपुढं बघितलं आणि दोन्ही हात मानेमागं नेऊन गाठ सोडली. तिच्या मामाचं दुखणं तिला कुणीतरी सांगितलं होतं. माळ तिनं माझ्या हातात ठेवली. "मामी, घ्या. मामाला लातूरला न्या. माझं मी बघते."

माझं मी बघते म्हणजे काय, ते तिला आणि मला दोघींनाही ठाऊक होतं. पोट पुढं घेऊन नणंदेच्या दारात. तिथं बापाला लोक आधीच पतसंस्थेवरून शिव्या देत होते, त्यात ही. थोरली जाऊ माहेरी बसली तशी ही बसेल, फक्त हिच्या मांडीवर लेकरू असेल.

माळ माझ्या मुठीत होती. पोरीच्या गळ्याची ऊब अजून तिला होती. गाडी लांबून येताना दिसत होती. मला त्या पोरीचा असा राग आला म्हणून सांगू! कशापायी दिली? नाही म्हणाली असती, खोटं बोलली असती, सासूच्या मागं लपली असती, तर मी परत फिरून त्या घराच्या अंगणात बसले असते, आरडाओरडा केला असता, माझ्या माणसासाठी सगळ्या पालीला गोळा केलं असतं. मला ते जमतं. पण तिनं आपण होऊन हातात दिली, आणि मग माझ्याजवळ भांडायला कुणी उरलं नाही. मला ती पाचवीतली दिसत नव्हती, वेणीबिणी काही दिसत नव्हती, खोटं कशाला सांगू. मला तिचं पोट दिसत होतं. मी माळ तिच्या गळ्यात घातली, मागं जाऊन गाठ मारली, पक्की मारली. तिनं माझा हात धरून ठेवला. मी सोडवून घेतला आणि गाडीत चढले.

मांजरसुंब्याच्या घाटात मला वाटलं, उतरावं आणि परत जावं. केजला वाटलं. आंबाजोगाईला तर मी बीडच्या गाडीजवळ जाऊन उभी राहिले होते. कंडक्टरनं विचारलं, बाई कुठं? मी मागं सरकले, तेव्हा त्यानं घंटी मारली.

सगळ्या वाटेवर मी स्वतःला एकच समजावत होते, की मालकांचं मन राखलं. तेच नको म्हणत होते. आठवडाभर नको म्हणत होते. मी जाऊन मागितली नाही म्हणजे त्यांच्या मनासारखंच केलं, त्यांना बरंच वाटेल. नवऱ्याचा शब्द पाळला असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं, असंही मनात आलं.

घाटनांदूरला पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता. मालक ओट्यावर बसले होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा घातलेला. एरवी त्या वेळी ते आत पडलेले असत. मला येताना त्यांनी लांबूनच बघितलं आणि भिंतीला धरून उभे राहिले. गाडीच्या गर्दीत माझा पदर खांद्यावर घसरला होता. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. आधी गळ्याकडं बघितलं. मग हातातल्या पिशवीकडं. पिशवीकडं ते बराच वेळ बघत राहिले.

मी म्हणाले, मागितलीच न्हाई.

"बरं केलंस," म्हणाले, आणि खाली बसले.

त्यांना जगायचं होतं. मी लग्न करून आल्यापासून त्यांचं ‘नको’ मला कळतं असं मला वाटायचं. लातूरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.